प्रश्न तुमचे: टीव्हीवर लिहिलेलं रिझोल्यूशन टीव्ही घेतो का?

चवथीच्या सेलमध्ये घेतलेल्या टीव्हींची पत्रं अजून येत आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांची तक्रार एकच आहे. डब्यावर छापलेलं रिझोल्यूशन बाहेरून दिलं की टीव्ही ते घेत नाही, किंवा घेतल्यासारखं दाखवतो. म्हणून हा अंक त्याच विषयाला दिला आहे.

उत्तरांत तीन शब्द पुन्हा पुन्हा येतील. पॅनल म्हणजे काचेमागचे प्रत्यक्ष ठिपके. पोर्ट म्हणजे एचडीएमआयची खाच आणि तिच्यामागची चिप. किती माहिती आत घेता येईल ते तिच्यावर ठरतं. ईडीआयडी म्हणजे टीव्हीच्या पोटात साठवलेली छोटी यादी. जोडलेल्या लॅपटॉपला किंवा सेट-टॉप बॉक्सला 'मला अमुक अमुक चालतं' असं टीव्ही या यादीतून कळवतो. जाहिरात तिघांपैकी जे सोयीचं असेल तेवढ्याबद्दलच बोलते.

प्रश्न: चवथीला ४३ इंची ४के टीव्ही घेतला. टीव्हीतल्याच यूट्यूबवर चित्र झकास दिसतं. पण लॅपटॉप एचडीएमआयने जोडला की ३८४०×२१६० वर फक्त ३० हर्ट्झ मिळतात आणि माउसचा बाण अडखळत चालतो. १०८० वर आणलं की ६० हर्ट्झ मिळतात. दुकानदार म्हणतो, लॅपटॉप जुना आहे. — शिक्षक, फोंडा

दुकानदाराचं खरं असू शकतं, पण तपासल्याशिवाय मान्य करू नका. टीव्हीतलं ॲप एचडीएमआयमधून येतच नाही, त्यामुळे यूट्यूब छान दिसतं यावरून पोर्टाबद्दल काहीच कळत नाही. दुकानात डेमो नेहमी आतल्या ॲपवर किंवा पेनड्राइव्हवरच का असतो, ते यावरून लक्षात येईल.

आधी हिशेब. ४के चित्र पाठवताना दिसणाऱ्या ठिपक्यांसोबत कडेची न दिसणारी जागाही पाठवावी लागते, म्हणून एका फ्रेमला खरं तर ४४००×२२५० ठिपके जातात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे पूर्ण चित्रं, जातात तो आकडा. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे २९.७ कोटी ठिपके, ६० फ्रेम म्हणजे ५९.४ कोटी. केबलमध्ये त्याचे सेकंदाला अनुक्रमे ८.९ आणि १७.८ गिगाबिट होतात. एचडीएमआय १.४ (२००९) ची मर्यादा १०.२ गिगाबिट आणि २.० (२०१३) ची १८. म्हणजे १.४ वर ४के बसतं, पण ३० हर्ट्झलाच. डब्यावर '४के एचडीएमआय' छापणारा खोटं बोलत नाही. तो हर्ट्झ सांगत नाही एवढंच.

तपासणी फुकटच्या गोष्टीपासून सुरू करा. बऱ्याच टीव्हींत २.० चं पोर्ट असूनही कारखान्यातून ते आखडतं ठेवलेलं असतं, कारण लांबलचक यादी पाहून जुने बॉक्स गोंधळतात. सॅमसंगवर 'इनपुट सिग्नल प्लस' (जुन्या मॉडेलांत 'एचडीएमआय यूएचडी कलर'), एलजीवर 'एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर', सोनीवर 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट' मध्ये 'एन्हान्स्ड', काही अँड्रॉइड टीव्हींवर 'एचडीएमआय ईडीआयडी व्हर्जन' मध्ये २.० किंवा ऑटो. ही सेटिंग दर पोर्टाला वेगळी असते. ज्या पोर्टात केबल आहे त्याचीच बदला, मग केबल काढून पुन्हा लावा, म्हणजे लॅपटॉप यादी नव्याने वाचेल. तरीही ३० च राहिले तर बाकीच्या पोर्टांत लावून बघा. स्वस्त मॉडेलांत तीनपैकी एखादंच पोर्ट ६० घेणारं असतं, आणि तो बारीक खुलासा मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत सापडतो.

आता लॅपटॉप. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जा. तिथे 'डेस्कटॉप मोड' आणि 'ॲक्टिव्ह सिग्नल मोड' अशा दोन ओळी असतात. पहिली म्हणजे विंडोजने मनात रंगवलेलं चित्र, दुसरी म्हणजे केबलमधून खरोखर निघालेलं. वाद घालायचा तर दुसऱ्या ओळीवर घाला. इंटेलच्या नवव्या पिढीपर्यंतच्या आणि दहाव्या पिढीतल्याही पुष्कळ लॅपटॉपांत, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर, एचडीएमआय १.४ चंच पोर्ट आहे. तुमचा तसा असेल आणि त्याला चित्र बाहेर देणारं यूएसबी-सी असेल, तर '४के ६० हर्ट्झ' असं स्पष्ट लिहिलेला यूएसबी-सी ते एचडीएमआय अडॅप्टर काम भागवतो. नुसतं '४के' लिहिलेला घेतलात तर पुन्हा ३० वर याल.

केबलला मात्र इथे दोष देऊ नका. एचडीएमआय २.० पर्यंत दोन्ही टोकांची यंत्रं केबलची ताकद मोजत नाहीत. केबल कमी पडली तर चित्रात चमचमणारे ठिपके दिसतात, मध्येच काळा पडदा येतो, चित्र तुटतं. यादीत ६० हा आकडाच येत नसेल तर तो पोर्टाचा किंवा सेटिंगचा मामला आहे.

६० मिळाले तरी एक चाचणी बाकी राहते. काही टीव्ही ४के ६० घेतात, पण रंगाची माहिती चौथाईवर आणून, म्हणजे ४:२:० मध्ये. मग तोच १७.८ गिगाबिटचा भार ८.९ वर येतो आणि १.४ च्या पोर्टातही मावतो. सिनेमात हे डोळ्यांना कळत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल अक्षरं टाईप करा. कडा फुटल्यासारख्या, गढूळ दिसल्या तर रंग कापले जात आहेत. हा टीव्ही मॉनिटर म्हणून वापरायचा असेल तर आम्ही तो परतच करायला सांगू. घरच्यांना मालिका आणि मॅच बघायच्या असतील तर राहू द्या.

प्रश्न: ३२ इंची टीव्हीच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत '१०८०पी सपोर्टेड' आहे. लॅपटॉपही १९२०×१०८० दाखवतो. तरी अक्षरं पुसट का? फसलो का? — किराणा दुकानदार, डिचोली

बहुधा हो. 'सपोर्टेड' याचा अर्थ एवढाच की १०८० चा सिग्नल दिला तर टीव्ही तो आत घेईल आणि आपल्या पॅनलवर बसवेल. पॅनल स्वतः १३६६×७६८ चं असू शकतं. म्हणजे २० लाख ७३ हजार ठिपक्यांचं चित्र आत येतं आणि साडेदहा लाख ठिपक्यांत कोंबलं जातं. बारीक अक्षरांची एक ठिपका जाडीची रेघ पाऊण ठिपक्यावर येते, आणि पाऊण ठिपका नावाची वस्तू नसल्यामुळे शेजारचा ठिपकाही अर्धवट उजळतो. पुसटपणा म्हणतात तो हाच.

गंमत अशी की या पॅनलला स्वतःचं रिझोल्यूशनही एचडीएमआयवरून बहुधा मिळत नाही. टीव्हीच्या नेहमीच्या मोडांत १२८०×७२० आहे, १९२०×१०८० आहे, १३६६×७६८ नाही. संगणकाच्या यादीतही तो आकडा नीट बसत नाही, कारण तिथल्या ठरावीक पद्धतीत रुंदीला ८ ने भाग जावा लागतो आणि १३६६ ला जात नाही. म्हणून जुन्या टीव्हींच्या व्हीजीए पोर्टावर १३६० दिसायचे. तुमच्या टीव्हीला व्हीजीए असेल तर १३६०×७६८ लावून बघा. अक्षरं एचडीएमआयपेक्षा स्वच्छ दिसण्याची चांगली शक्यता आहे.

संशय फेडायचा तर ठिपके मोजा, पट्टी आणि मोबाइल पुरे. ३२ इंची पडदा सुमारे ७०.८ सेंटिमीटर रुंद असतो. १३६६ चं पॅनल असेल तर एका सेंटिमीटरात १९ ठिपके बसतात, १९२० चं असेल तर २७. पडद्यावर पूर्ण पांढरं चित्र लावा, पारदर्शक पट्टी आडवी धरा आणि मोबाइलच्या मॅक्रो मोडमध्ये जवळून फोटो काढा. मोठा करून पाहिला की लाल-हिरव्या-निळ्या उभ्या काड्या दिसतील. तीन काड्यांचा एक ठिपका. एका सेंटिमीटरातले ठिपके मोजलेत की वाद मिटला. पट्टी काचेवर दाबू नका. फोंड्याच्या शिक्षकांनाही हे करता येईल: ४३ इंचीत ४के असेल तर सेंटिमीटरला ४० ठिपके, १०८० असेल तर २०.

दुसरी चाचणी लॅपटॉपवरची. पेंटमध्ये १९२०×१०८० चा कॅनव्हास घ्या, ८०० टक्के मोठा करा, एक ठिपका जाडीच्या उभ्या काळ्या रेघा एकआड एक ओढा, आणि तेवढा तुकडा कॉपी करून भरभर पसरवा. विंडोजचं स्केल १०० टक्के ठेवून चित्र पूर्ण पडद्यावर लावा. खऱ्या फुल एचडी पॅनलवर जवळून प्रत्येक रेघ सुटी दिसते. कमी ठिपक्यांच्या पॅनलवर राखाडी गोधडी आणि रुंद लाटांसारखे पट्टे दिसतात. पण त्याआधी ओव्हरस्कॅन बंद करायला विसरू नका, नाहीतर चांगलं पॅनलही नापास होईल. ओव्हरस्कॅनमध्ये टीव्ही चित्राच्या चारी कडा थोड्या कापून उरलेलं ताणतो; जुन्या काचेच्या टीव्हींपासून चालत आलेली ही खोड फुल एचडीतही कित्येक मॉडेलांत सुरुवातीला चालूच असते. सेटिंगचं नाव सॅमसंगवर 'स्क्रीन फिट', एलजीवर 'जस्ट स्कॅन', सोनीवर 'फुल पिक्सेल'. इतरांत 'डॉट बाय डॉट' किंवा '१:१'. विंडोजचा टास्कबार किंवा चार कोपरे कापले जात असतील तर ओव्हरस्कॅन चालू आहे असं समजा. एवढं एक बटण बदलून निम्म्या पुसट टीव्हींची तक्रार मिटते, म्हणून 'फसलो' म्हणण्याआधी ते करा.

प्रश्न: पॅनल कमी निघालं तर दाद कुठे मागायची? — डिचोलीचेच वाचक

आधी बिल बघा. बिलावर किंवा वेबसाइटच्या पानावर 'फुल एचडी' लिहिलं असेल आणि पॅनल १३६६×७६८ चं असेल, तर तुमची बाजू भक्कम. फक्त '१०८०पी सपोर्टेड' लिहिलं असेल तर कंपनी माहितीपत्रकातल्या 'रिझोल्यूशन १३६६×७६८' या बारीक ओळीकडे बोट दाखवेल आणि वाद लांबेल. डबा टाकू नका. डब्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बिल आणि पट्टी धरून काढलेला फोटो एकत्र ठेवा. ऑनलाइन खरेदी असेल तर परतीची मुदत संपायच्या आत 'वर्णनाप्रमाणे वस्तू नाही' हे कारण निवडून परत करा. सगळ्यांत कमी त्रासाचा रस्ता हाच. नाहीतर विक्रेता आणि कंपनी दोघांनाही लेखी तक्रार द्या, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही न सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, तक्रारीची मुदत २ वर्षांची आहे, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि वकील लावण्याची सक्ती नाही.

प्रश्न: अमेरिकेतून आलेल्या मेव्हण्याने ५० इंची १०८०पी टीव्ही दिला. लॅपटॉप उत्तम चालतो. डीटीएचचा एचडी बॉक्स लावला की 'मोड नॉट सपोर्टेड'. मेकॅनिक म्हणतो बोर्ड गेला. — गृहिणी, म्हापसा

बोर्ड गेलेला नाही. बोर्ड गेला असता तर लॅपटॉपही चालला नसता. अडचण हर्ट्झची आहे. आपल्याकडचं प्रक्षेपण ५० हर्ट्झचं, म्हणून एचडी बॉक्स १०८०आय ५० किंवा ७२०पी ५० बाहेर देतो ('पी' म्हणजे चित्राच्या सगळ्या ओळी एकदम, 'आय' म्हणजे एकआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं). अमेरिकेत सगळं ६० चं. तिथल्या बाजारासाठी बनवलेल्या कित्येक टीव्हींच्या यादीत ५० हर्ट्झ नसतातच. रिझोल्यूशन तेच, १०८०. पण सेकंदाला ६० ऐवजी ५० आले की टीव्ही दार बंद करतो. लॅपटॉप यादी वाचून ६० देतो म्हणून चालतो. बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८०आय, ७२०पी, ५७६पी असे पर्याय असले तरी बहुधा सगळे ५० चेच, त्यामुळे बदलून उपयोग नाही. एकदा करून बघायला हरकतही नाही.

उपाय दोन. ॲपवर वाहिन्या बघत असाल तर एचडीएमआयची स्ट्रीमिंग स्टिक लावा. ती ६० हर्ट्झ देते आणि प्रश्न संपतो. बॉक्सच हवा असेल तर मध्ये फ्रेम रेट बदलणारा स्केलर लागेल. बाजारातले स्वस्त स्केलर फक्त रिझोल्यूशन बदलतात, हर्ट्झ नाही. '५० हर्ट्झ आत, ६० हर्ट्झ बाहेर' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. तेही तडजोडीचंच: ५ फ्रेमच्या ६ करायच्या म्हणजे दर पाचांमागे एक फ्रेम दोनदा दाखवायची. बातम्यांना कळणार नाही, पण फुटबॉलमध्ये कॅमेरा मैदानावरून सरकताना धक्के जाणवतील.

त्याहून तातडीची गोष्ट मागच्या लेबलावर आहे. 'एसी १००–२४० व्ही, ५०/६० हर्ट्झ' असेल तर नुसती पिन बदला. '१२० व्ही' एवढंच असेल तर थेट आपल्या २३० व्होल्टला लावू नका. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा. लेबलावर १५० वॉट असेल तर ५०० व्हीएचा घ्या. तुमचा टीव्ही चालू आहे त्या अर्थी यातलं काहीतरी केलेलं असणार, पण काय केलंय ते डोळ्यांनी बघा.

दुबई-मस्कतहून आणलेल्या टीव्हींना ही अडचण सहसा येत नाही. तिथे वीज आपल्यासारखीच २२०–२४० व्होल्ट ५० हर्ट्झ, आणि टीव्ही ५०-६० दोन्ही घेतात. चौकोनी पिन बदलली की झालं.

प्रश्न: समुद्रापासून दोनशे मीटरवर घर. जूनमधल्या गडगडाटानंतर फुल एचडी टीव्ही बॉक्सवरून फक्त ७२०×५७६ घेतो, लॅपटॉपवरून ६४०×४८०. टीव्हीतली ॲपं ठीक. — निवृत्त कर्मचारी, कोलवा

पॅनल ठीक आहे. यादी वाचता येत नाही, एवढाच याचा अर्थ. एचडीएमआयच्या खाचेत १९ पिना असतात. १५ आणि १६ वरून ईडीआयडी वाचली जाते, १८ वर ५ व्होल्ट, १९ वरून 'कोणीतरी जोडलं आहे' हे कळतं. १५-१६ पैकी एकही तुटली किंवा गंजली की लॅपटॉपला टीव्हीचं काहीच कळत नाही, आणि तो सगळ्यांना चालेल असं सगळ्यांत लहान चित्र देतो. चित्र येतं, कारण चित्राच्या पिना वेगळ्या आहेत. म्हणूनच हा दोष फसवा. लोक टीव्ही 'जुना झाला' म्हणून बदलतात.

तुमच्याकडे संशयित दोन. पहिली खारी हवा: पिनांवरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, तो गेला की खालचा धातू हिरवट होतो. भिंतीतला प्लग काढा, टॉर्चने खाचेत बघा. हिरवट-पांढरं दिसलं तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ नायलॉनच्या ब्रशवर थोडंसं घेऊन पुसा, अर्धा तास वाळू द्या. टाचणी किंवा सुई आत घालू नका. मधली पातळ जीभ वाकली की पोर्टच बदलावं लागतं. केबलही नवी लावून बघा, कारण तिचं टोक तितकंच खारलेलं असतं.

दुसरा संशयित वीज, आणि जूनचा उल्लेख पाहता तोच जास्त संभवतो. एका पोर्टावर असं आणि बाकीच्यांवर ठीक असेल तर त्या पोर्टाची ईडीआयडीची छोटी चिप किंवा तिचं संरक्षण गेलंय. वापरायचं पोर्ट बदला आणि पैसे वाचवा. सगळ्याच पोर्टांवर असेल तर मुख्य बोर्ड. तोवर तात्पुरती सोय म्हणजे ईडीआयडी एम्युलेटर: केबलच्या मध्ये बसणारी छोटी डबी, जी टीव्हीच्या वतीने यादी सांगते. '१०८०पी' लिहिलेली घ्या, '४के' ची नको. नाहीतर बॉक्स ४के पाठवेल आणि टीव्ही ते घेणार नाही. बॉक्सच्या मेनूत हाताने १०८०आय निवडता येत असेल तर त्याच्यापुरतं डबीवाचूनही चालून जाईल.

पुढच्या पावसाळ्यासाठी: डिशची तार छतावरून थेट बॉक्समध्ये आणि बॉक्समधून एचडीएमआयने टीव्हीत येते, त्यामुळे फक्त भिंतीतला प्लग काढून भागत नाही. गडगडाट सुरू व्हायच्या आधी डिशची तारही बॉक्समधून सोडवा. दोन पिनांच्या प्लगवर चालणाऱ्या उपकरणांच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर एचडीएमआय लावताना-काढताना दोन्ही प्लग बाहेर ठेवा. झिणझिण्यांचा तोच प्रवाह पिनांतूनही जातो.

प्रश्न: फुटबॉलचे सामने मैदानाजवळच्या हॉलमध्ये दाखवायला '४के' प्रोजेक्टर घेतला, १५ मीटर केबल भिंतीतल्या पायपातून ओढली. ४के वर चित्र येऊन जातं, १०८० वर ठीक. — क्रीडा मंडळ, पेडणे

मग १०८० वरच ठेवा. आधी माहितीपत्रकात 'नेटिव्ह रिझोल्यूशन' शोधा. '४के सपोर्टेड' प्रोजेक्टरांची खरी चिप १९२०×१०८०, १२८०×७२० किंवा त्याहूनही कमी असते. तशी असेल तर ४के पाठवून केबलवर चौपट भार टाकायचा आणि प्रोजेक्टरने ते पुन्हा लहान करायचं, यात मिळत काही नाही. १०८०पी ६० ला ४.४५ गिगाबिट पुरतात. चांगली तांब्याची १५ मीटरची केबल ते सांभाळते. १७.८ गिगाबिट मात्र एवढ्या लांबीच्या साध्या तांब्यातून धड जात नाहीत, त्याला आतून ऑप्टिकल फायबर असलेली ॲक्टिव्ह केबल लागते. तिची दिशा ठरलेली असते: 'सोर्स' लिहिलेलं टोक प्लेअरकडे, 'डिस्प्ले' लिहिलेलं प्रोजेक्टरकडे. उलटी ओढली तर चित्र येणारच नाही आणि पुन्हा पाईप उपसावा लागेल. म्हणून पायपात घालण्याआधी जमिनीवर पसरून तासभर चालवा.

प्रकाशाचं प्रमाणही डब्यावरून ठरवू नका. नुसते 'लुमेन' कितीही लिहिता येतात. 'एएनएसआय लुमेन' किंवा आयएसओ २१११८ प्रमाणे दिलेला आकडा विचारा. संध्याकाळी दारं उघडी असलेल्या हॉलमध्ये रिझोल्यूशनपेक्षा तोच जास्त कामाला येतो.

प्रश्न: २००६ चा ४६ इंची टीव्ही अजून चालू आहे. पॅनल १०८०पी, पण ब्ल्यू-रे प्लेअर १०८०आय च्या वर जात नाही. — वाचक, पणजी

त्या काळातल्या कित्येक टीव्हींचं हेच आहे. पॅनल १९२०×१०८० चं, आणि एचडीएमआयची चिप १०८०आय पर्यंतच. प्रक्षेपणच १०८०आय आहे, जास्त लागणार कुणाला, असा हिशेब होता. सिनेमासाठी फारसं नुकसान नाही; दोन अर्ध्या चित्रांतून पूर्ण चित्र टीव्ही नीट जुळवत असेल तर सगळे १०८० ओळींचे तपशील परत मिळतात. जुळवत नसेल तर तिरक्या रेघांवर करवतीचे दाते दिसतील. तसं असेल तर प्लेअर ७२०पी वर ठेवून तुलना करा आणि डोळ्याला बरं दिसेल ते ठेवा. पोर्ट सुधारता येत नाही.

प्रश्न: गेमिंग कन्सोलसाठी '१२० हर्ट्झ, एचडीएमआय २.१' टीव्ही घेतला. ४के १२० निवडलं की चित्र मऊ पडतं. — विद्यार्थी, साखळी

'एचडीएमआय २.१' या आकड्याला एकट्याने फारसा अर्थ उरलेला नाही. त्या नियमावलीतली बहुतेक वैशिष्ट्यं ऐच्छिक आहेत, त्यामुळे ४८ गिगाबिट न घेणारं पोर्टही २.१ म्हणवतं. तुमच्या टीव्हीचं पॅनल बहुधा ६० हर्ट्झचं आहे आणि १२० मिळवण्यासाठी दोन-दोन ओळी एकत्र चालवल्या जातात, म्हणजे उभ्या दिशेला २१६० च्या १०८० उरतात. माहितीपत्रकात 'डीएलजी' किंवा 'ड्युअल लाइन गेट' शोधा. सापडलं तर वेगवान खेळ १२० वर आणि बाकीचे ४के ६० वर खेळा. 'मोशन रेट १२०' सारखे शब्द तर पॅनलबद्दल काहीच सांगत नाहीत.

प्रश्न: होम थिएटरचा रिसीव्हर मध्ये लावला की स्ट्रीमिंग बॉक्स १०८० वर येतो, थेट टीव्हीला ४के. — वाचक, मडगाव

रिसीव्हर एचडीसीपी २.२ च्या आधीचा आहे; एचडीसीपी म्हणजे नक्कल रोखण्यासाठी चित्राला लावलेलं कुलूप. ४के सिनेमाचं कुलूप त्याला उघडत नाही, म्हणून बॉक्स खाली उतरतो. बॉक्स थेट टीव्हीच्या ४के घेणाऱ्या पोर्टात लावा, आणि आवाज टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या पोर्टातून रिसीव्हरच्या 'एचडीएमआय आउट' मध्ये परत आणा. रिसीव्हरला एआरसी नसेल तर ऑप्टिकल केबल लावा. बॉक्सच्या सेटिंगमध्ये आवाज 'डॉल्बी डिजिटल' वर ठेवा. 'ऑटो' वर ठेवल्यास जुन्या रिसीव्हरला न समजणारा आवाज जाऊन चित्र चालू, स्पीकर गप्प असा प्रकार होतो.